डिकीतली जादा बॅटरी नीट कशी बसवायची? (की मुळात बसवूच नये?)

बेसवेडा (ठाणे), सोमवार, रात्री ११:४२

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसताच वाचतोय, हा पहिला धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

गाडी २०१४ ची पेट्रोल सेडान. डिकीत १२ इंची सबवूफर (नुसता बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आणि त्याच्यासाठी १२०० वॉटचा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा अँप (ॲम्प्लिफायर). बेस जोरात वाजला की हेडलाइट डोळे मिचकावतात. त्यावर इलाज म्हणून मित्राच्या गाडीतून निघालेली ६५ एएचची (अँपिअर-तासांची) साधी, पाणी घालायची बॅटरी डिकीत आणून जोडली. खाली प्लायवूडचा तुकडा टाकला आणि ट्रकच्या ट्यूबची पट्टी कापून सामानाच्या हुकांना आवळली. तीन महिने सगळं झकास.

परवा माजिवड्याला पुलाखाली एक रिक्षा आडवी आली, कचकन ब्रेक मारावा लागला. मागून धप्प आवाज. मागच्या सीटवर आजी होती, दर संकष्टीला तिला टिटवाळ्याला नेतो. ती म्हणाली, "अरे, नारळ पडला का रे?" घरी येऊन डिकी उघडतो तर बॅटरी वीतभर पुढे सरकून सीटच्या पाठीला टेकलेली आणि गालिच्यावर ओला डाग. नारळ पिशवीत शाबूत होता.

आता ट्यूबऐवजी चांगला रॅचेट पट्टा घेतला तर चालेल, की लोखंडी ट्रे करून घ्यावा लागेल? ठाण्यात असं काम कोण करून देतं? आईला अजून काही सांगितलेलं नाही.

---

तिखटजाळ, सोमवार, रात्री ११:५१

आईला सांगितलं नाहीस, पण आख्ख्या महाराष्ट्राला सांगितलंस. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

पाना नंबर तेरा (वागळे इस्टेट), मंगळवार, सकाळी ७:१५

दादा, आधी ती बॅटरी बाहेर काढ. बाकी गप्पा नंतर.

तो डाग पाण्याचा नाही, ॲसिडचा आहे. खायचा सोडा पाण्यात कालवून ओत, फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहा. मग गालिचा उचलून खालचा पत्राही तसाच धू, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथून रस्ता दिसेल. हातमोजे आणि चष्मा घालून.

काढताना एक लक्षात ठेव, लोक इथेच फसतात. दोन बॅटऱ्या जोडल्या असल्या की मागचं टोक सोडलं तरी ती केबल पुढच्या बॅटरीमुळे जिवंतच असते. त्यामुळे पहिल्यांदा दोन्हीकडचे मायनस सोडायचे, मग प्लस. लावताना उलट, मायनस सगळ्यात शेवटी.

आणि फ्यूज कुठे कुठे आहे ते सांग.

---

बेसवेडा, मंगळवार, सकाळी ९:०२

धन्यवाद दादा. बॅटरी काढून गॅलरीत ठेवली. फ्यूज पुढच्या बॅटरीजवळ एक आहे, ८० अँपिअरचा. मागे नाही.

---

पाना नंबर तेरा, मंगळवार, सकाळी ९:१०

मागे नाही म्हणजे अर्धा आगीचा बंब गाडीत आहे आणि अर्धा घरी विसरलाय.

फ्यूज अँप वाचवायला नसतो, केबल वाचवायला असतो. तुझी केबल दोन्ही टोकांना बॅटरीला जोडलेली. दरवाजाच्या उंबऱ्याखाली ती कुठे सोलली आणि बॉडीला लागली, तर पुढचा फ्यूज उडेल, पण मागची बॅटरी ओततच राहील. चांगली बॅटरी शॉर्ट झाली की हजाराच्या वर अँपिअर देते. वेल्डिंगची मशीन दोनशे अँपिअरमध्ये पत्रा वितळवते, आता तूच हिशोब कर. म्हणून दोन्ही टोकांना फ्यूज, दोन्ही बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. ४ गेजची खऱ्या तांब्याची केबल असेल तर दीडशेच्या आतला एएनएल (बोल्टने आवळायचा मोठा) फ्यूज लाव. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम असेल तर त्याहून बराच कमी. केबल चाकूने खरवडून बघ, आत पांढरं निघालं तर तुला टोपी घातलीय.

---

निवृत्त नटबोल्ट (नेरुळ), मंगळवार, दुपारी १२:३०

श्री. बेसवेडा, मी आयुष्यभर यंत्रांचे पाये बांधले. तुमच्या प्रश्नात विजेच्या आधी वजनाचा विचार करायला हवा, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

६५ एएचची शिशाची बॅटरी साधारण १६ ते १८ किलो. तुम्ही मारलेल्या कचकन ब्रेकमध्ये फार तर ०.८ जी (१ जी म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या वजनाएवढा जोर) मिळतो, म्हणजे बॅटरीने पुढे लावलेला जोर १४-१५ किलोचा. एवढ्यात तुमची ट्यूब हरली.

आता ताशी ५० किमीने गाडी कशावर तरी आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपून थांबली असं धरू. ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर. उत्तर येतं साधारण १६० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे १६ जी. हा सरासरी आकडा, क्षणभराचा कमाल जोर याहून बराच वर जातो. १८ गुणिले १६ म्हणजे जवळजवळ २९० किलो. साडेतीन माणसं एकदम सीटच्या पाठीवर धावून आली असं समजा. त्या पाठीला तुमच्या आजी टेकून बसलेल्या असतात.

रॅचेट पट्टा एक-दोन टनांचा मिळतो, त्यात खोट नाही. पण तो अडकवणार कशाला? डिकीतला हुक भाजीच्या पिशवीसाठी असतो, बहुतेक गाड्यांत दोन बारक्या स्क्रूंवर. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात दुबळ्या कडीएवढी.

मोटार शर्यतींच्या एफआयए या जागतिक संस्थेने बॅटरी मूळ जागेवरून हलवून माणसं बसतात त्या भागात आणली तर काय करायचं ते लिहून ठेवलं आहे: धातूची बैठक, वरून इन्सुलेशन चढवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या, किमान १० मिमी व्यासाचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टाखाली गाडीच्या पत्र्याच्या खालच्या बाजूने किमान ३ मिमी जाड आणि २० चौरस सेंटिमीटरची आधारपट्टी. शिवाय ती बॅटरी कोरड्या प्रकारची हवी. आपण रॅलीला जात नाही, पण गायमुख घाटातले खड्डे पाहता फार फरक पडू नये.

---

तिखटजाळ, मंगळवार, दुपारी १२:४४

"साडेतीन माणसं." काका, ते अर्धं माणूस कोण?

---

निवृत्त नटबोल्ट, मंगळवार, दुपारी १:०५

जेवणाआधीचा मी.

---

थालीपीठ (खारघर), मंगळवार, दुपारी २:२०

काका, प्रतिसाद फार आवडला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझा प्रश्न वेगळा आहे. आमची हॅचबॅक सीएनजीची, डिकीत टाकी आहे. मुलाला तिच्या शेजारच्या फटीत छोटी बॅटरी आणि अँप बसवायचाय. दुकानवाला म्हणतो, "ताई, काही होत नाही, सगळे बसवतात." बसवू द्यावं का?

---

पाना नंबर तेरा, मंगळवार, दुपारी २:३५

ताई, नाही. सरळ नाही.

टाकीच्या व्हॉल्व्हपाशी कधी गळती झाली तर तो गॅस डिकीतच घुटमळणार. तिथे बॅटरी, फ्यूज, रिले म्हणजे ठिणगीची सोय. सैल टर्मिनलसुद्धा ठिणगी पाडतं. टाकीचा कंस हलवायचा, त्याच्या बोल्टात दुसरं काही अडकवायचं, हेही करू देऊ नका. "सगळे बसवतात" म्हणणारा टाकीच्या तपासणीच्या वेळी तुमच्याबरोबर येणार नाही.

मुलाला सीटखाली बसणारा छोटा सब घेऊन द्या. त्याला वेगळी बॅटरी लागत नाही.

---

थालीपीठ, मंगळवार, दुपारी २:४१

दाखवला प्रतिसाद. तोंड वाकडं करून "बघू" म्हणाला. आमच्याकडे "बघू" म्हणजे पटलंय.

---

एकशे चाळीस डेसिबल (तुर्भे), मंगळवार, सायंकाळी ६:१२

नटबोल्ट काका, तुमचं गणित बरोबर, पण पोरगं घाबरून सिस्टिमच विकेल. मी नऊ वर्षं डिकीत दोन-दोन बॅटऱ्या घेऊन फिरतोय.

गंमत बांधण्यात नाही, बॅटरीच्या जातीत आहे. डिकीत पाण्याची बॅटरी ठेवायचीच नाही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के झाला की तो पेट घ्यायच्या लायकीचा होतो. बॉनेटखाली वारा लागतो, डिकीत कुठून लागणार? एजीएम घे. तिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, सांडत नाही. आणि नवीन जमान्याचं हवं असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. तेवढ्याच ताकदीला वजन निम्म्याहून कमी, म्हणजे काकांची साडेतीन माणसं दीडवर येतील.

---

निवृत्त नटबोल्ट, मंगळवार, सायंकाळी ७:००

दीड माणूस आजींच्या पाठीवर पडलेलं चालेल असं आपलं म्हणणं आहे का?

---

एकशे चाळीस डेसिबल, मंगळवार, सायंकाळी ७:०४

काका 🙏 बांधायची आहेच. मी बांधू नका म्हटलं का?

---

पाना नंबर तेरा, मंगळवार, रात्री ९:३०

एजीएमला +१. लिथियमचं मात्र अर्धंच सांगितलंत. शिशाची बॅटरी निवांत असताना १२.६-१२.७ व्होल्टला बसते, लिथियम १३.३ च्या आसपास. दोघी सरळ जोडल्या की लिथियम आपलं पाणी शिशाला पाजत बसते. आणि रिकामी लिथियम अल्टरनेटरकडून एवढा करंट ओढते की लहान गाडीचा अल्टरनेटर तापून बसतो. मध्ये व्होल्ट आणि करंट आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. तो खर्च दुकानात कोणी आधी सांगत नाही.

एजीएमही जादा चार्ज झाली तर वायू सोडते, तिला झडपा असतात. डिकीत सडक्या अंड्याचा वास आला तर अंडी शोधू नका, गाडी बंद करा, काचा उघडा आणि रेग्युलेटर तपासून घ्या.

---

रात्री दहानंतर (ठाणे पूर्व), मंगळवार, रात्री १०:४०

एवढे लोक बॅटरी कशी बांधायची ते सांगताहेत. त्या बॅटरीवर जे वाजतं ते आम्ही तिसऱ्या मजल्यावर ऐकतो, त्याचं काय? कपाटातले स्टीलचे डबे थरथरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. वर एका सदस्याचं नावच एकशे चाळीस!

---

एकशे चाळीस डेसिबल, मंगळवार, रात्री १०:४८

ताई/दादा, ते नाव स्पर्धेतलं आहे. काचा बंद, कानाला मफ. सोसायटीत मी जुनी भावगीतं लावतो.

---

रात्री दहानंतर, मंगळवार, रात्री १०:५०

बारा इंची सबवर भावगीतं?

---

एकशे चाळीस डेसिबल, मंगळवार, रात्री १०:५३

तबला ऐका एकदा. डग्गा काय बोलतो!

---

संपादक, मंगळवार, रात्री ११:१५

आवाजावर वेगळा धागा काढावा, जुने चार आहेतच. इथे बॅटरीवर बोलूया.

---

खोबरं तिकडे चांगभलं (ऐरोली), बुधवार, सकाळी ८:०५

माझा अनुभव सांगतो, बांधून ठेवूनही काय होतं त्याचा.

माझी बॅटरी ट्रेमध्ये पक्की होती, चार बोल्ट, हलायचं नाव नाही. पण टर्मिनल उघडी. गणपतीच्या आदल्या दिवशी मखराचा लोखंडी स्टँड डिकीत टाकला. ठाणे-बेलापूर रोडला रबाळ्याजवळ गतिरोधकावर गाडी उडाली आणि स्टँडचा पाय बरोबर प्लस टर्मिनल आणि ट्रेच्या काठावर आडवा. ट्रे बॉडीला जोडलेला, म्हणजे तोच मायनस. डिकीच्या फटीतून निळा उजेड दिसला. मी आणि भाऊ उतरून लांब पळालो. सुदैवाने स्टँडचा पाय मध्ये वितळून आपोआप सुटला. टर्मिनलचं शिसं मेणासारखं ओघळलं होतं.

बाप्पा त्या वर्षी जरा तिरके बसले, स्टँडला एक पाय कमी. आई भटजींना सांगत होती, यंदाची मूर्तीच तशी आहे.

सांगायचं काय, तर टर्मिनलवर रबरी टोप्या हव्यातच, आणि वरून आख्खा झाकणाचा डबा असेल तर आणखी बरं. डिकी ही शेवटी डिकी आहे. तिच्यात जॅक, पाना, डबा, पूजेचं ताट, काहीही येऊन पडतं.

---

तिखटजाळ, बुधवार, सकाळी ८:२०

ठ्ठो! "यंदाची मूर्तीच तशी आहे" 😂

---

निवृत्त नटबोल्ट, बुधवार, सकाळी ९:१५

हसण्यावारी नेऊ नका, फार मोलाचा अनुभव आहे. खुली तार फ्यूजनंतर असती तर फ्यूज उडाला असता. टर्मिनल फ्यूजच्याही आधी असतं, तिथे वाचवायला कोणी नाही. धातूच्या ट्रेला आतून रबराचा तक्ता लावावा, पट्टीवर रबरी नळी चढवावी.

---

सीवूड्सचा पाहुणा, बुधवार, दुपारी ११:४०

एवढी भोकं कशाला पाडायची? स्टेपनीच्या खड्ड्यात बॅटरी ठेवा, स्टेपनीच्याच बोल्टाने वरून पट्टी आवळा. मी तसंच केलंय. मागच्या सीटच्या बेल्टचा बोल्टही तिथून जवळ होता, त्यात एक कडी अडकवून पट्टा ओढला. एक छिद्र नाही.

---

पाना नंबर तेरा, बुधवार, दुपारी १२:१०

पाहुणे, बेल्टचा बोल्ट आजच्या आज पूर्ववत करा. त्याच्यात वायसर सोडून मध्ये काही घालायचं नसतं. मध्ये कडी गेली की आटे कमी बसतात, आणि तो बोल्ट माणूस धरायला आहे.

स्टेपनीच्या खड्ड्याबद्दल मात्र अर्धं मत तुमच्या बाजूने. बॅटरी खड्ड्यात बसली आणि भोवती नीट ठोकळे मारले तर पुढचा धक्का खड्ड्याच्या भिंती घेतात, वरच्या पट्टीला फक्त उसळी अडवायची असते. वजनही खाली राहतं. पण मागून कोणी ठोकलं तर पहिली चेपते ती डिकीची मागची बाजू. शिवाय पावसात डिकीत शिरलेलं पाणी त्याच खड्ड्यात साचतं. माझ्या मते बॅटरी मागच्या सीटजवळ, चाकांच्या दांड्याच्या वरच्या अंगाला, पण सीटवर भार न टाकता जमिनीला बोल्ट केलेली. हॅचबॅकला तर डिकी आणि माणसं एकाच हवेत असतात, तिथे एजीएमशिवाय विचारच नको.

---

सीवूड्सचा पाहुणा, बुधवार, दुपारी १२:३०

बेल्टचं लक्षात आलं नव्हतं. काढतो.

---

थालीपीठ, बुधवार, दुपारी १२:४५

आणि पंक्चर झालं तर स्टेपनी कुठे ठेवता?

---

सीवूड्सचा पाहुणा, बुधवार, दुपारी १२:५२

घरी.

---

थालीपीठ, बुधवार, दुपारी १२:५३

म्हणजे पाम बीच रोडला रात्री पंक्चर झालं की रिक्षा करून स्टेपनी आणायला घरी. वा!

---

कायद्याचं बोला (ठाणे न्यायालयाजवळ), बुधवार, दुपारी ३:३०

दोन कोरड्या गोष्टी. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंगला जोड दिला की विजेच्या बिघाडाचे दावे अडतात. दुसरं, विमा. सिस्टिम, अँप, जादा बॅटरी हे कंपनीने बसवलेलं नसतं, तेव्हा पॉलिसीत विद्युत उपकरणं म्हणून वेगळी नोंद आणि थोडा जादा हप्ता असतो. नोंद केली नसेल तर त्या सामानाची भरपाई मिळत नाहीच, आणि आग लागली तर सर्व्हेअर पहिला फोटो तुमच्या डिकीचा काढतो. धंद्याचा भाग म्हणून असे फोटो पाहिलेत. ट्यूबची पट्टी त्यात उठून दिसते.

---

डावा कान (मानपाडा), बुधवार, रात्री ८:१०

सगळा धागा वाचला. कोणी मूळ दुखण्याला हात लावला नाही. पोराची तक्रार काय? दिवे मंद होतात. बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. तयार करतो अल्टरनेटर.

१२०० वॉटचा अँप, ८० टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण जोरात १५०० वॉट ओढतो. १३.५ व्होल्टला ते झाले १११ अँपिअर. तुझ्या गाडीचा अल्टरनेटर सत्तर ते नव्वदच्या दरम्यान असणार, तोही इंजिन पळताना. घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये आयडलवर त्याहून पुष्कळ कमी. त्यातच एसी, दिवे, पंखा. गाणं म्हणजे सतत पूर्ण जोर नव्हे, सरासरी ओढ कितीतरी कमी असते, म्हणून गाडी चालते. मागची बॅटरी त्या ठोक्यापुरती मदत करते, मग तिलाही त्याच गरीब अल्टरनेटरने भरायचं असतं. एक कमावणारा, दोन खाणारे.

बॅटरी घ्यायच्या आधी मीटर घे. बेस वाजत असताना पुढच्या बॅटरीवर व्होल्ट बघ, मग अँपच्या टर्मिनलवर बघ. दोन्हीकडे सारखेच पडत असतील तर अल्टरनेटर कमी पडतोय. पुढे ठीक आणि मागे पडत असतील तर केबल किंवा अर्थिंग (अँपची मायनस तार बॉडीला जोडतात तो जोड) चोर आहे.

---

पाना नंबर तेरा, बुधवार, रात्री ८:२५

शंभर टक्के अनुमोदन. मीच हे पहिल्यांदा विचारायला हवं होतं, ॲसिडच्या डागात अडकलो. दहातल्या सहा गाड्यांत अर्थिंगचा स्क्रू रंगावर मारलेला असतो. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, तारेच्या टोकाला लग (धातूची कडी) दाबून पक्का करायचा, बोल्ट मारायचा आणि वरून ग्रीस.

---

बेसवेडा, गुरुवार, रात्री ११:२०

मंडळी, मीटर आणला. हातात घेऊन दहा मिनिटं नुसता बसलो होतो, तारा कुठे लावतात ते कळेना. मग शेजारच्या काकांनी दाखवलं.

बेस वाजताना पुढच्या बॅटरीवर १३.१. अँपवर ११.६!! दीड व्होल्ट रस्त्यातच गायब. केबल खरवडली तर आत पांढरी. अर्थिंगचा स्क्रू थेट रंगावर, तोही गालिच्याच्या क्लिपचा स्क्रू. पाना दादा, टोपी घातलीय, मान्य.

दिवे पुढचे मंद होतात पण पुढे तर १३.१ आहे, मग ते का? जरा गोंधळलोय.

---

डावा कान, गुरुवार, रात्री ११:३५

गाडी चालू, रेसवर मोजलंस ना? आयडलवर, एसी लावून, दिवे लावून पुन्हा मोज. तिथे पुढेही पडेल. इंजिन ते बॉडीची अर्थ केबल आणि अल्टरनेटर ते बॅटरीची केबलही जाड करून घे, ती मूळची बारीक असते. आधी हे सगळं कर, मग बॅटरीचं बोलू.

---

निवृत्त नटबोल्ट, शुक्रवार, सकाळी ६:५०

श्री. बेसवेडा, एक राहून गेलं. रात्री झोपताना सुचलं.

तुमच्या सबवूफरचा डबा किती किलोचा? आणि तो कशाने बांधला आहे?

---

बेसवेडा, शुक्रवार, सकाळी ९:४०

१८ मिमीचा एमडीएफ, सबसकट ३० किलो असेल.

काका, तो बांधलेला नाही. खाली वेलक्रो आहे.

---

तिखटजाळ, शुक्रवार, सकाळी ९:४१

🍿🍿

---

निवृत्त नटबोल्ट, शुक्रवार, सकाळी १०:०५

३० गुणिले १६. मी करत नाही, तुम्हीच करा.

युरोपच्या सीट तपासणीच्या नियमात डिकीत १८-१८ किलोचे दोन ठोकळे मोकळे ठेवतात आणि ५० किमीच्या धडकेएवढा झटका देऊन सीटची पाठ टिकते का ते पाहतात. म्हणजे सीट बनवणाऱ्याने डिकीतल्या बॅगांचा विचार केलेला असतो. बॅटरी, अँप आणि ३० किलोचं कपाट त्याने धरलेलं नसतं.

---

खोबरं तिकडे चांगभलं, शुक्रवार, सकाळी १०:३०

काका, मग दर मे महिन्यात आम्ही गावाहून २५ किलोचं तांदळाचं पोतं, चार फणस आणि आंब्याच्या पेट्या मोकळ्या आणतो त्याचं काय?

---

निवृत्त नटबोल्ट, शुक्रवार, सकाळी १०:४४

पोतं तळाला, सीटच्या पाठीला अगदी चिकटवून. मोकळी जागा ठेवली की वस्तू वेग घेऊन आदळते. पेट्या त्याच्या मागे, फणस त्यांच्या मधल्या फटीत.

आणि एक फणस नेरुळला.

---

थालीपीठ, शुक्रवार, सकाळी १०:५०

कापा की बरका ते आधी ठरवा, नाहीतर तिसरा धागा निघेल.

---

एकशे चाळीस डेसिबल, शुक्रवार, दुपारी १:१५

सबचा डबा बांधायला सोपं आहे. डब्याच्या आतून लाकडात टी-नट (लाकडात रुतून बसणारा नट) मार, खालून बोल्ट. डब्यातून बोल्ट आरपार नेलास तर हवा सुटेल आणि बेस फुसका होईल, म्हणून सीलंट लावून.

भोक पाडायच्या आधी गाडी लिफ्टवर घे आणि खालून बघ. पेट्रोलची टाकी सहसा मागच्या सीटखाली असते, पण तिच्या नळ्या, ब्रेकचे पाइप, सायलेन्सर कुठून जातात ते प्रत्येक गाडीत वेगळं. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली ठरव, म्हणजे भसकन आत जाणार नाही. भोकाच्या काठाला प्रायमर, खाली आधारपट्टी, नायलॉक (सहज सैल न होणारा) नट, वरून सीलंट. पावसाळ्याआधी कर.

पट्टा वापरायचाच झाला तर वरून जादा म्हणून. तोही पॉलिस्टरचा, नायलॉन ॲसिडला टिकत नाही.

---

रात्री दहानंतर, शुक्रवार, दुपारी २:००

मला वाटलं होतं तुम्ही नुसता आवाज करता. माहिती चांगली दिलीत.

---

बेसवेडा, पुढचा रविवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय.

वागळेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. लोखंडी अँगलचा ट्रे करून दिला, वर दोन फ्लॅट पट्ट्या, १० मिमीचे चार बोल्ट, खाली हाताच्या तळव्याएवढ्या ३ मिमीच्या पट्ट्या. तो म्हणाला, "शेठ, यात बॅटरी ठेवायचीय की म्हैस बांधायचीय?" मी म्हटलं, आजी मागे बसते. मग काही बोलला नाही, चार वेल्ड होते तिथे सहा मारले. लिफ्टवर गाडी घेतली तेव्हा दिसलं, मी जिथे मार्करने खूण केली होती त्याच्या बरोबर खाली ब्रेकचा पाइप. चार बोटं डावीकडे सरकलो.

केबल खऱ्या तांब्याची, फ्यूज दोन्हीकडे, अर्थिंग चकचकीत पत्र्यावर, पुढच्या दोन्ही केबल जाड. आता अँपवर १२.९ मिळतात आणि दिवे मिचकावणं जवळजवळ गेलं. म्हणजे डावा कान यांचं खरं, बॅटरी लागतच नव्हती. तरी गाडी बंद करून उपवनला बसून ऐकायची सवय आहे, म्हणून छोटी ४५ एएचची एजीएम घेतली. मध्ये आयसोलेटर आहे, त्यामुळे मागची रिकामी झाली तरी पुढची गाडी चालू करते. टर्मिनलला टोप्या, वर झाकण. जुनी पाण्याची बॅटरी बॅटरीवाल्याला वजनावर दिली, तेवढ्यात फ्यूज निघाले.

सबचा डबाही बोल्ट केला.

आईला सगळं सांगितलं. ती ट्रे बघून एवढंच म्हणाली की याच्यात कुंडी छान बसली असती.

---

निवृत्त नटबोल्ट, सोमवार, सकाळी ६:४५

उत्तम. महिन्याभराने सगळे नट एकदा पान्याने तपासा. नव्या रबरावर बसलेले बोल्ट सुरुवातीला सैल होतात.

---

थालीपीठ, सोमवार, सकाळी ८:३०

अरे पण स्टेपनी बाहेर निघते ना आता?

---

बेसवेडा, सोमवार, सकाळी ८:५५

...

खाली जाऊन बघून सांगतो.